इटलीत पास्ता-जेलातोचा क्लास करायचाय? बोलोन्याला उतरा!

नमस्कार मंडळी!

इटलीची तिकिटं काढली की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी यादी आपोआप तयार होते. हल्ली त्या यादीत आणखी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे पास्ता आणि जेलातोचा, म्हणजे इटलीच्या आइस्क्रीमसारख्या गोडाचा, कुकिंग क्लास. तीन-साडेतीन तास, मोठं टेबल, अंगात एप्रन आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जेवण. मला हे क्लास मनापासून आवडतात. पण त्यातून आपल्या हाती नक्की काय लागतं, ते बुकिंग करताना कळत नाही. आज त्याबद्दलच बोलायचंय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. पास्ता तिथे हाताने शिकता येतो. जेलातोचं तसं नाही. तो बनवतं मशीन, आपण तो समजून घ्यायचा आणि जिभेने ओळखायला शिकायचा. हे लक्षात ठेवून क्लासला गेलात तर दोन्हींचे पैसे वसूल होतात.

आता जायचं कुठे? माझं ऐकाल तर बोलोन्याला. फ्लॉरेन्सहून जलद रेल्वेने पाऊण ताससुद्धा लागत नाही. रोमचा, फ्लॉरेन्सचा क्लास वाईट असतो असं अजिबात नाही. पण अंड्याचा ताजा, हाताने लाटलेला पास्ता हे एमिलिया-रोमान्या प्रदेशाचं घरचं अन्न आहे आणि बोलोन्या ही त्या प्रदेशाची राजधानी. तिथे पास्त्याच्या लाटलेल्या पारीला म्हणतात स्फोल्या, आणि ती लाटणारी बाई म्हणजे स्फोलीना. हा तिथे रीतसर पेशा आहे. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या मागे क्वाद्रिलातेरो नावाचा जुना बाजार आहे, तिथल्या गल्ल्यांमध्ये फिरा. दुकानांच्या काचेमागे ताज्या तोर्तेल्लिनीच्या, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या, राशी मांडलेल्या असतात. क्लासच्या आदल्या दिवशी तिथे एक चक्कर माराच. आपल्याला काय बनवायचंय ते डोळ्यांना आधी दिसलेलं बरं.

आणि हे शहर पास्त्याच्या बाबतीत किती काटेकोर आहे बघा. 16 एप्रिल 1972 रोजी बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ताल्यातेल्लेचं माप अधिकृतपणे नोंदवलं गेलं. ताल्यातेल्ले म्हणजे त्या लांब चपट्या पट्ट्या. शिजलेल्या पट्टीची रुंदी 8 मिलिमीटर. का? तर शहरात आझिनेल्ली नावाचा 97 मीटरचा मध्ययुगीन मनोरा आहे, त्याच्या उंचीचा 12,270 वा भाग! पालात्सो देल्ला मेर्कान्झिया या इमारतीत त्या मापाची सोन्याची ताल्यातेल्ला जपून ठेवलेली आहे. पाठोपाठ 1974 मध्ये तोर्तेल्लिनीचं सारण नोंदवलं, 1982 मध्ये रागूची म्हणजे मांसाच्या सॉसची कृती नोंदवली, आणि रागूची कृती 2023 मध्ये पुन्हा तपासून सुधारली. आपण ज्याला 'स्पगेटी बोलोनीज' म्हणतो, ते बोलोन्याचं घरगुती जेवण नाही. तिथे रागू जातो तो ताल्यातेल्लेवर.

चला, आता टेबलाशी उभे राहू.

[जवळून: लाकडी फळी, पिठाचं आळं, मधे अंडी]

प्रमाण सोपं आहे. माणशी 100 ग्रॅम पीठ आणि एक अंडं. पीठ मऊ गव्हाचं, अगदी बारीक दळलेलं, इटलीत त्याला 'दोप्पिओ झेरो' म्हणजे दुहेरी शून्य म्हणतात. पारंपरिक बोलोन्याच्या पारीत मीठ नाही, तेल नाही, पाणीही नाही. पिठाचं आळं करायचं, मधे अंडी फोडायची आणि काट्याने फेटत फेटत आतल्या बाजूने थोडं थोडं पीठ ओढत राहायचं. इथे घाई केली की आळ्याची भिंत फुटते आणि अंडं फळीवर धावत सुटतं. तसं झालंच तर पत्र्याच्या खरवडणीने सगळं गोळा करायचं.

मग मळायचं. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट असतं. पहिली पाच मिनिटं वाटतं की हे कोरडंच राहणार, आणि हात नकळत पाण्याकडे जातो. पाणी घालू नका. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, फिरवा, पुन्हा ढकला. दहा-पंधरा मिनिटं नीट तिंबलं की पीठ स्वतःहून बदलतं. खरखरीतपणा जातो, वरून तुकतुकीत होतं, आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून येतो. हा क्षण व्हिडिओत दाखवता येत नाही, आत्ता मीही दाखवू शकत नाहीये. तो हातालाच कळावा लागतो. शेजारी उभी असलेली जाणती बाई तुमचा गोळा दाबून म्हणते, 'आंकोरा', म्हणजे अजून. तुम्ही मळत राहता, आणि थोड्या वेळाने ती मान डोलावते. क्लासची अर्धी किंमत मला तर इथेच मिळते.

आता गोळा झाकून किमान अर्धा तास मुरू द्यायचा. मळताना ताणलेलं ग्लूटेन, म्हणजे पिठातलं चिवट प्रथिन, सैलावतं. ते सैलावलं नाही तर लाटताना पारी रबरासारखी मागे येत राहते.

मुरलं की लाटायचं. लाटणं चांगलं लांब असतं. आपल्या हातांना पोळी लाटायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते आणि आडही येते. गोल फिरवत लाटणं आपल्याला जमतं. पण ही पारी फळीच्या काठावरून खाली लोंबू द्यायची, म्हणजे तिच्याच वजनाने एक बाजू धरून राहते आणि आपण पुढच्या अर्ध्या भागावर काम करतो. मग पाव वळसा फिरवायची, पुन्हा तेच. शेवटी शेवटी पारी लाटण्याला गुंडाळून, दोन्ही तळवे मधून बाहेर सरकवत ताणायची. जाडी एक मिलिमीटरच्या आत यायला हवी. बोलोन्यात म्हणतात की चांगली स्फोल्या उजेडासमोर धरली तर पलीकडे सान लूका दिसलं पाहिजे. सान लूका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं चर्च.

लाकडी फळी आणि लाकडी लाटणं यांचा आग्रह का, तेही सांगते. लाकडामुळे पारीचा पृष्ठभाग किंचित खरबरीत राहतो आणि सॉस त्याला धरून बसतो. स्टीलच्या रोलरमधून काढलेली पारी गुळगुळीत होते, सॉस घसरतो. म्हणूनच क्लास निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: प्रत्येकाला स्वतःची फळी आणि लाटणं मिळणार का? की एक जण मळणार आणि बाकीचे बघणार? दुसरा प्रश्न, एका शिक्षिकेमागे किती जण? पंचवीस जणांच्या वर्गात तुमचा गोळा कुणी दाबून बघणार नाही. घरगुती क्लास हवा असेल तर चेझारिने नावाचं घरी स्वयंपाक करणाऱ्यांचं एक जाळं आहे, ते बोलोन्यातच सुरू झालं आणि आज इटलीभर पसरलंय.

आता शाकाहारी मंडळींनी इकडे लक्ष द्या. बोलोन्याच्या पास्त्यात अंडं असणारच, ते काढून टाका म्हणणं चुकीचं ठरेल. अंडं चालत असेल पण मांस नको, तर तोर्तेल्लिनी टाळा. त्यांच्या सारणात डुकराचं मांस आणि त्याचेच प्रोश्युत्तो, मोर्तादेल्ला हे प्रकार असतात. त्याऐवजी तोर्तेल्लोनी मागा. नावात एकाच अक्षराचा फरक, पण आकाराने मोठे, आत रिकोत्ता चीज आणि वरून लोण्यात परतलेली सेजची पानं. आणखी एक गोष्ट बरेच जण विचारायला विसरतात. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलं जातं. तुम्हाला ते चालत नसेल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा. ऐन टेबलावर सांगितलंत तर बिचारी शिक्षिका पर्याय तरी कुठून आणणार?

अंडंही नको असेल तर सरळ दक्षिणेला जा. पुल्या प्रदेशात पास्ता ड्युरम या कठीण गव्हाचा बारीक रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो. बारी शहराच्या जुन्या भागात आर्को बास्सो नावाच्या गल्लीत बायका दारात टेबल टाकून ओरेक्किएत्ते करताना दिसतात. पिठाची वळी, तिचा बोराएवढा तुकडा, तो बोथट सुरीने फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. झाली छोटीशी वाटी! ज्यांच्या घरी लग्नाच्या रुखवतात गव्हले-नखुले असायचे, त्यांना हे बघून घरचीच आठवण येईल. टस्कनीत सिएनाच्या बाजूला पीची म्हणून जाड, हाताने वळलेल्या दोऱ्या करतात, त्याही बहुधा बिनअंड्याच्या. पण काही घरांत अंडं घालतात, म्हणून विचारून घ्या.

आता जेलातो.

क्लासमध्ये होतं काय, तर पास्त्याचं पीठ मुरत असताना शिक्षिका दूध, साय, साखर गरम करायला घेते. मिश्रण साधारण 85 अंशांपर्यंत तापवायचं, मग झपाट्याने 4 अंशांपर्यंत थंड करायचं आणि काही तास फ्रिजमध्ये मुरवायचं. त्या तासांत दुधाची पावडर आणि इतर घटक पाणी शोषून धरतात, म्हणून नंतर बर्फाचे खडे कमी होतात. तीन तासांच्या क्लासमध्ये एवढा वेळ कुठला? त्यामुळे मशीनमध्ये जातं ते बहुतेक वेळा आधीच मुरवून ठेवलेलं मिश्रण. यात फसवणूक काही नाही, पाककृतीच तशी आहे. पण त्यामुळेच म्हणते, इथे हात चालवण्यापेक्षा प्रश्न विचारा.

काय विचारायचं? साखर किती, आणि का. जेलातोत साखर फक्त गोडीसाठी नसते. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून इतक्या थंडीतही जेलातो चमच्याने उचलता येतो. साखर कमी केली तर दगड होतो, जास्त झाली तर गोठतच नाही. मग स्निग्धांश. भारतात नियमानुसार आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 10 टक्के लागतो. जेलातोत तो सहसा त्याहून कमी असतो, कारण सायीपेक्षा दूध जास्त. स्निग्धांश जिभेवर थर धरतो, तो कमी असला की पिस्ता, लिंबू, हेझलनट यांची चव थेट पोहोचते. तिसरी गोष्ट हवा. जेलातो संथ घुसळतात, हवा कमी शिरते, म्हणून तो दाट लागतो. आणि तो आइस्क्रीमपेक्षा कमी थंड वाढतात, साधारण उणे 12 ते उणे 14 अंशांवर. जीभ बधिर होत नाही, चव कळते.

या मशीनचा इतिहासही बोलोन्याचाच आहे. 1927 मध्ये ओतेल्लो कात्ताब्रिगा यांनी इथे जेलातोचं स्वयंचलित यंत्र तयार केलं. हाताने पातं फिरवून भांड्याच्या कडेचा गोठलेला थर आत ओढायची जी कष्टाची क्रिया होती, ती यंत्राने उचलली. 1946 मध्ये कार्पिज्यानी कंपनी उभी राहिली, तिची यंत्रं आज जगभर आहेत. शहराजवळ आन्झोला देल्ल'एमिलिया इथे तिचं जेलातो विद्यापीठ आहे आणि 2012 पासून संग्रहालयही. तुम्हाला जेलातो खरोखर शिकायचा असेल, त्यातून धंदा करायचा असेल, तर तीन तासांचा क्लास नाही, तिथले अभ्यासक्रम बघा.

बाकी आपण काय करायचं? क्लास संपला की त्याच संध्याकाळी जेलातेरियात जायचं. आता तुमची नजर बदललेली असते. पिस्ता भडक हिरवा दिसला तर तो रंग आहे. खरा पिस्ता मातकट हिरवा असतो. केळ्याचा जेलातो पिवळाधमक नको, करडट पांढरा हवा. काचेबाहेर डोंगरासारखे ढीग रचलेले असतील तर त्यात हवा आणि स्थिरक भरपूर असतात, नाहीतर तो डोंगर उभाच राहणार नाही. काही जुन्या दुकानांत जेलातो दिसतच नाही, तो झाकण लावलेल्या गोल विहिरींत ठेवतात, त्यांना पोत्सेत्ती म्हणतात. मला अशी दुकानं जास्त भरवशाची वाटतात. आणि पहिली चव फिओर दी लात्तेची घ्या. त्यात फक्त दूध, साय, साखर, लपवायला काही नसतं. अंडं टाळणाऱ्यांसाठीही हा सहसा सोयीचा, क्रेमा नावाच्या चवीत मात्र अंड्याचा बलक असतो. दूधही नको असेल तर फळांचं सोर्बेत्तो.

एक सूचना. ऑगस्टच्या मध्यावर, 15 तारखेच्या फेर्रागोस्तोच्या आसपास, इटलीत अनेक छोटी दुकानं आणि घरगुती क्लास बंद असतात. त्या आठवड्यात जाणार असाल तर आधी खात्री करा.

घरी आल्यावर? अंड्याच्या पास्त्याला आपला मैदा चालतो. चक्कीच्या पिठात कोंडा असतो, त्याची पारी तेवढी पातळ ताणली जात नाही, मधेच फाटते. अंडी लहान असतील तर नगावर जाऊ नका, 100 ग्रॅम मैद्याला साधारण 55 ग्रॅम अंडं वजन करून घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पारी वाळायला वेळ लागतो, म्हणून कापण्याआधी पंख्याखाली सुती कापडावर पसरा. हाताला कोरडी लागली पाहिजे, पण दुमडताना तडकता कामा नये. मग सैल घड्या घालून धारदार सुरीने कापा आणि लगेच झटकून मोकळी करा. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम मीठ, पाणी खळखळ उकळत असू द्या, तेल अजिबात नको. ताज्या ताल्यातेल्लेला दोन-तीन मिनिटं पुरतात. पातेल्यापासून हलू नका, आणि गाळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढा. सॉस सैल करायला तेच लागतं.

पुढच्या व्हिडिओत बिनअंड्याची ओरेक्किएत्ते करून दाखवते. इटलीत 1967 पासून सुक्या पास्त्याला ड्युरम गव्हाचाच रवा कायद्याने लागतो. आपला बन्सी गहू ड्युरमच आहे. तेव्हा बन्सी रवा आणून तो पुन्हा एकदा बारीक दळून ठेवा, आणि एक बोथट टेबल-नाइफ शोधून ठेवा. भेटू!