टेबल उलटं करून बघा

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी जवळ आली की सुतारांच्या शेडमध्ये एक प्रश्न हमखास कानावर पडतो, “पॉलिश न केलेलं टेबल मिळेल का?” जेवणाचं टेबल कोऱ्या लाकडाचं घ्यायचं आणि पुढचं तेलपाणी सवडीने घरी करायचं. मला हा विचार मनापासून आवडतो. पॉलिशच्या थराखाली गाठी बुजवता येतात, फिकट लाकूड रंगवून सागवानी करता येतं. कोऱ्या लाकडात हे झाकायला जागा कमी. पण आपण बघतो वरून, हात फिरवतो तोही वरून, आणि टेबलाचं खरंखोटं कळतं ते खालच्या बाजूला. म्हणून आज एकच गोष्ट सांगायला बसलो आहे. टेबल पारखायचं ते खालून, आणि जपायचं तेही खालून.

माझी मामेबहीण नागपूरला असताना तिने सहा माणसांचं टेबल करून घेतलं होतं. साग बल्लारशाच्या बाजूचा. हे लाकूड नाव घेण्यासारखं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये महाराष्ट्राने तिथलाच साग पाठवला. ताईला सागाचा तो मधासारखा रंग इतका आवडला, की तिने पॉलिश करूच दिलं नाही. मग भावजींची बदली झाली चिपळूणला, आणि मे महिन्याच्या अखेरीस ट्रकमधून टेबल कोकणात उतरलं.

श्रावणात टेबलाने रंग दाखवायला सुरुवात केली. फळी मधोमध वर यायला लागली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हा आमटीची वाटी ठेवली की आमटी एका बाजूला कलायची. पायांजवळचे सांधे उघडले होते, त्यांत नाणं सहज गेलं असतं. मी तेव्हा तिथेच होतो. जो तो टेबलाकडे बघून एकच वाक्य म्हणायचा, “लाकूड ओलं होतं, सुताराने फसवलं.” आपल्याकडे वस्तू बिघडली की पहिला दोष करणाऱ्या हाताला लावतात. तो हात समोर नसला, तर फारच मोकळेपणाने लावतात. मला ही सवय अजिबात पटत नाही.

गौरी गेल्यावर भावजींनी गावातल्या एका वयस्कर सुतारकाकांना बोलावलं. सांगून ठेवलं होतं, की रंधा मारून फळी सपाट करून द्या. काका आले. फळीकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “हे उलटं करा आधी.” आम्ही चौघांनी मिळून टेबल चटईवर उलटं केलं. काका उकिडवे बसले, आडव्या पट्ट्यांवरून बोट फिरवत गेले, आणि ताईला म्हणाले, “ताई, लाकूड चांगलं वाळलेलं होतं हो. इथं येऊन पाणी प्यालंय.”

मग त्यांनी दाखवलं. फळी खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेली होती. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते, की लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांवर येतो. चिपळूणच्या पावसात तेच लाकूड १६-१७ टक्क्यांकडे निघतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीत. चाळीस इंच रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकाने अर्धा इंचसुद्धा वाढू शकते. आता दोन्ही कडांना स्क्रूने धरून ठेवलेली फळी अर्धा इंच वाढली तर जाणार कुठे? मधून वर उठणार, आणि कडेला चौकटीला ढकलत सांधे उघडणार. दोन्ही झालं होतं.

भावजी म्हणाले, “मग रंधा?” काका म्हणाले, “आता रंधा मारलात, तर उन्हाळ्यात तिथंच खळगा पडेल.” आणि ते एकेक स्क्रू काढायला लागले. शेवटच्या दोनतीन स्क्रूंच्या वेळी आतून कट्ट असा आवाज आला आणि फळी आपोआप थोडी सरकली. ताई दचकलीच. काकांनी आखूड पट्ट्यांच्या मध्यावरची भोकं तशीच ठेवली. बाकीची सगळी पटाशीने रुंदीच्या दिशेला लांबट केली आणि वायसर घालून स्क्रू बेताने आवळले. म्हणजे फळीला मध्याशी आधार आणि कडांना हलायला मोकळीक. सांधे पुन्हा ठोकून बसवले. मग एका फळीची फिकट कड दाखवली. तिच्यात टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. म्हणाले, “साग साग म्हणता, पण सागाचा फक्त गाभा टिकतो. ही पांढरी कड भुंगा खातो.” बोरिक पावडर आणि टाकणखार गरम पाण्यात विरघळवून त्या कडेला ब्रशने दोनदा पाजलं. लाकूड कोरं होतं म्हणूनच ते आत मुरलं. पॉलिश असतं तर वरून ओघळून गेलं असतं. मार्गशीर्षात मी पुन्हा गेलो, तेव्हा फळी सपाट होती. रंध्याशिवाय.

ही हकीकत मी भेटेल त्याला सांगतो, कारण टेबल घेताना काय बघायचं ते सगळं तिच्यात आहे. उलटं करून बघा. फळीला हलायला वाव ठेवलाय का, पाय नुसत्या खिळ्यांवर आहेत की खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचंच कोरलेलं टोक, बसवलंय, फिकट कड किती आहे, भुसा पडतोय का. आणि फळीच्या टोकाशी बघा, वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात का. उतरत नसतील तर वर पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे. लाकूड सागच हवं असंही नाही. नांगर आणि बैलगाडीची चाकं ज्या बाभळीची झाली, तिला जेवणघरात कोणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता जपायचं कसं. पाऊस सरला, हवा कोरडी झाली, की तेल द्या. तेल सुकणारं हवं. जवसाचं तेल सुकतं. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते उकळलेलं जवस तेल आणखी लवकर सुकतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट राहतं, खवट होतं. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा हात. तीन हात वर दिलेत, तर तीन हात खालीही. पुन्हा सांगतो, खालीही. वरून बंद आणि खालून उघडी फळी एकाच बाजूने पाणी ओढते आणि वाकते. शेवटच्या हातानंतर दोनतीन आठवडे त्यावर जेवू नका.

वर काच टाकू नका. काचेखाली ओल कोंडते, आणि लाकूड झाकायचंच होतं तर कोरं कशाला घेतलं? हळद सांडली तर साबण लावू नका, डाग लाल होतो. उन्हाच्या तिरिपेत ठेवा, पिवळेपणा उतरत जातो. ओलं लोखंड, म्हणजे तवा, कढई, सागावर ठेवू नका. पडलेला काळा डाग लाकडाच्या आत जातो.

आणि एक अगदी महत्त्वाचं. जवस तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी आग लागली ती अशाच फडक्यांमुळे, आणि तीन अग्निशामक जवानांचे प्राण गेले. फडकं बाहेर दोरीवर एकेरी पसरा, वाळून कडक होऊ द्या, मगच टाका. नमस्कार.