टाइपरायटरच्या खडखडाटात जॅनिस जॉप्लिन

नमस्कार मंडळी! आज आधी ऐकू, मग बोलू. हेडफोन असतील तर लावा.

[क्लिप: 'ट्रबल इन माइंड', सुरुवातीचा तुकडा]

ऐकलंत? गिटार आहे, एका तरुण मुलीचा आवाज आहे आणि मागे काहीतरी एकसारखं खडखडतंय. ते तालवाद्य नाही. त्याच घरात बसून कुणीतरी टाइपरायटर बडवतंय!

तारीख 25 जून 1964, वार गुरुवार. जागा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामधलं एक घर. गिटार वाजवतोय योर्मा कौकोनेन, वय 23. गातेय जॅनिस जॉप्लिन, पुढे रॉकची मोठी गायिका झालेली, वय 21. टाइप करतेय योर्माची बायको मार्गारेटा. ती मूळची स्वीडनची, माहेरी पत्र लिहीत होती. यांची तालीम चालू, तिचं पत्र चालू, आणि टेपरेकॉर्डरनं दोन्ही टिपलं. म्हणून संगीतप्रेमी या रेकॉर्डिंगला 'टाइपरायटर टेप' म्हणतात.

जॅनिस म्हटलं की आपल्याला आठवते 1969 च्या वूडस्टॉक संगीत महोत्सवातली जॅनिस. पिंजारलेले केस, फाटेपर्यंत ताणलेला आवाज आणि मागे कानठळ्या बसवणारा बँड. ती जॅनिस या टेपच्या वेळी अजून घडायची होती. तेव्हाची जॅनिस फोक, म्हणजे लोकगीतं गाणाऱ्या मंडळींमधली.

थोडं मागे जाऊ. तिचा जन्म 1943 चा, गाव टेक्सासमधलं पोर्ट आर्थर. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांवर जगणारं गाव. तिथे ती लेडबेली, बेसी स्मिथ या ब्लूज गायकांच्या जुन्या तबकड्या ऐकत वाढली. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःख सांगणारं गाणं. 1962 मध्ये शिकायला ऑस्टिनला गेली. तिथे थ्रेडगिल्स नावाचा एक बिअर बार होता, पूर्वीच्या पेट्रोल पंपाच्या जागेत. मालक केनेथ थ्रेडगिल स्वतः गाणारे. विद्यार्थी, कष्टकरी सगळे तिथे जमून गायचे. जॅनिस ऑटोहार्प हे तारांचं वाद्य मांडीवर घेऊन गायची. त्याच डिसेंबरात तिनं ऑस्टिनमध्येच एका विद्यार्थ्याच्या घरी स्वतःचं एक गाणं टेपवर गायलं, दारूवर रचलेलं ब्लूज. आणि 1963 च्या जानेवारीत चेट हेल्म्स या मित्राबरोबर रस्त्यावरच्या गाड्यांना हात दाखवत थेट सॅन फ्रान्सिस्को गाठलं.

आता टेपकडे परत. आधी योर्माच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या. अंगठा खर्जाच्या जाड तारांवर ठेका धरून बसलाय, बाकीची बोटं बारीक तारांवर सूर काढतायत. जणू दोन माणसं वाजवतायत! ही फिंगरपिकिंगची पद्धत त्यानं ब्लूज गिटारवादक रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांच्या परंपरेतून उचलली. मागे ड्रम नाहीत, बेस नाही, तरी गाणं कुठे पोकळ वाटत नाही ते त्या अंगठ्यामुळे.

आणि जॅनिस? तिला ओरडायची गरजच नाही. खोलीत एक गिटार. त्यामुळे शब्द स्वच्छ येतात, ओळीच्या शेवटी सूर हळूच खाली उतरतो, मध्येच एखादा शब्द ती लयीच्या मागे सोडून देते. 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट' ऐका. हे गाणं बेसी स्मिथनं 1929 मध्ये गायलं होतं. पैसा होता तेव्हा मित्र होते, पैसा गेला तसे मित्रही गेले, असा भाव. एकविशीतली पोर हे गाते आणि आपला विश्वास बसतो. नक्कल आहे का? बेसीची छाया आहेच. पण आवाजातला खरखरीतपणा आणि ते दुखरेपण जॅनिसचं स्वतःचं आहे.

मग बदललं काय? जून 1966 मध्ये ती 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या रॉक बँडमध्ये गेली. इलेक्ट्रिक गिटारी, मोठाले अँप्लिफायर, नाचणारी गर्दी. या गोंगाटावरून आवाज पोचवायचा तर गळा उघडायलाच हवा. वर्षभरात, जून 1967 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या संगीत महोत्सवात तिनं 'बॉल अँड चेन' गायलं आणि अमेरिका थक्क झाली. पण ते गाणं कुणाचं? ब्लूज गायिका बिग मामा थॉर्नटनचं. म्हणजे पुन्हा ब्लूजच! 'जॅनिसनं फोक सोडलं, रॉक धरलं' असं सर्रास लिहितात, मला ते अर्धवट वाटतं. बँड बदलला, आवाजाची पातळी बदलली, पुढे 1969 मध्ये ट्रम्पेटसारखी ब्रास वाद्यं घेऊन ती सोल या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकाराकडेही वळली. गाण्याचं मूळ मात्र सांता क्लाराच्या त्या घरात जे होतं तेच राहिलं. बेसी स्मिथच्या बेवारस कबरीवर 1970 मध्ये दगड बसला, त्याच्या खर्चातला वाटा जॅनिसनं उचलला होता.

योर्माची वाट तर आणखी सुंदर. तो 1965 मध्ये 'जेफरसन एअरप्लेन'मध्ये जाऊन रॉकचा मोठा गिटारवादक झाला. मग 1970 मध्ये त्याच्या 'हॉट टूना' या बँडची पहिली तबकडी आली, चक्क अकूस्टिक, म्हणजे बिनविजेच्या वाद्यांची, आणि तिच्यात 'हेझिटेशन ब्लूज'. हेच गाणं टाइपरायटर टेपवरही आहे.

एक कळकळीची विनंती. आज सॉफ्टवेअरनं तो खडखडाट पुसून टाकता येईल. कृपा करून पुसू नका! कुणीही इतिहास घडवायला बसलं नव्हतं. घरातली कामं आणि गाणं एकाच छपराखाली चाललं होतं, म्हणून तर जॅनिस इतकी मोकळी गातेय. स्टुडिओत लाल दिवा लागल्यावर हे मिळत नाही.

ही टेप वर्षानुवर्षं हौशी लोकांच्या हातोहात फिरत होती. त्यातली काही गाणी जॅनिसच्या गाण्यांच्या 1993 च्या संचात आली आणि 2022 मध्ये टेप अधिकृतपणे प्रकाशित झाली. आता ऐकायचा क्रम सांगतो. आधी टेपवरचं 'ट्रबल इन माइंड'. मग मॉन्टेरेचं 'बॉल अँड चेन', आवाज मोठा ठेवून. आणि मग 'मर्सिडीज बेंझ', 1 ऑक्टोबर 1970 ला, म्हणजे मृत्यूच्या तीन दिवस आधी गायलेलं. त्यात वाद्य एकही नाही. तिन्ही एका बैठकीत ऐका आणि ओळींचे शेवट ती कशी सोडते तेवढं पकडा.