बंदरांच्या वाटेने जुन्या पुस्तकांकडे

श्रोतेहो, सोलापूरहून समुद्र पाहायला निघालेला माणूस सहसा मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट असा रत्नागिरीला उतरतो, दोन दिवस वाळूवर काढतो आणि आल्या वाटेने परततो. या प्रवासाला किनाऱ्यावरची आठ-दहा दिवसांची निवांत भटकंती जोडावी आणि तिच्यात जुनी पुस्तके धुंडाळावीत, असे मी सुचवणार आहे. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर दिसतात तशा जुन्या पुस्तकांच्या थप्प्या कोकणात सापडणार नाहीत. तिथे ही पुस्तके रद्दीच्या दुकानांत, शालेय पुस्तके विकणाऱ्यांच्या मागच्या फळीवर किंवा वाचनालयांनी बाद केलेल्या गठ्ठ्यांत असतात. त्यामुळे कोणत्या गावात थांबायचे, हे आधी ठरवावे लागते.

माझे उत्तर सोपे आहे: जिथे आगबोट लागत असे, तिथे थांबावे. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती 1998मध्ये. त्याआधी मुंबईचा छापील मजकूर दक्षिणेकडे पोहोचला तो बऱ्याच अंशी समुद्रमार्गे, चाकरमान्यांच्या ट्रंकांतून आणि व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828चे, पणजीचे आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832चे आणि वाशिष्ठीच्या खाडीमुळे बाजारपेठ म्हणून वाढलेल्या चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864चे आहे. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या वाचक राहिले, त्याच गावातल्या घरांची आवराआवर होते तेव्हा रद्दीत काहीतरी वाचण्याजोगे येते.

रत्नागिरीहून आधी उत्तरेला वळावे. वाटेत मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे. पुढे जयगड ते तवसाळ ही खाडी फेरीबोटीने गाडीसकट ओलांडून गुहागरमार्गे चिपळूण गाठता येते. बोटीची वाट पाहण्यात वेळ जातो म्हणून पुष्कळजण मुंबई-गोवा महामार्ग धरतात. मला ती घाई अनाठायी वाटते, कारण धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर गावातल्या रद्दीवाल्याचा पत्ता जितका खात्रीने मिळतो, तितका मोबाइलच्या नकाशावर मिळत नाही.

चिपळूणच्या वाचन मंदिरात 2005 आणि 2021 अशा दोन्ही महापुरांचे पाणी शिरले होते, आणि किनाऱ्यावरच्या पुस्तकाचा खरा वैरी कोण, हे तिथे नीट समजते. आपल्या सोलापुरात वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीत 3000हून अधिक. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल असते. दमट हवेत ते कागदाचे धागे लवकर तोडते, टाचण्या गंजतात, आणि वाळवी व कसर उरलेसुरले काम करतात. म्हणून तिथे पुस्तक घेताना मुखपृष्ठापेक्षा शिवण पाहावी, पाने मधोमध उघडून वास घ्यावा आणि कोपरा अगदी हलका दुमडून पाहावा; तो तुटला तर पुस्तक कितीही दुर्मिळ असो, ते हाताळून वाचण्याचे राहिलेले नाही. घरी आल्यावर कडक उन्हात न टाकता सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावे आणि आठवडाभर तरी इतर पुस्तकांच्या कपाटात मिसळू नये.

पुढे वेंगुर्ल्यावरून गोव्यात उतरावे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य 1616मध्ये गोव्यातल्याच राशोल येथे छापले गेले. त्या आवृत्तीची एकही छापील प्रत उरल्याचे ज्ञात नाही, हे गोव्यात जुने मराठी पुस्तक शोधणाऱ्याने मनाशी ठेवावे. कारवार ओलांडल्यावर गोकर्णात मात्र जुन्या पुस्तकांची दुकाने सहज दिसतात, कारण परदेशी प्रवासी वाचून झालेली पुस्तके तिथेच विकून जातात. मराठी वाचकाच्या हाती त्यांतून क्वचितच काही लागते.

आपल्या शहरात कन्नड बोलणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून सवड असेल त्यांनी मंगळूरपर्यंत जावे. तिथे बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने 1841मध्ये छापखाना काढला आणि किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश 1894मध्ये तिथूनच बाहेर पडला. त्या कोशाची पुनर्मुद्रणे निघालेली असल्यामुळे, दुकानदाराने जुनी प्रत म्हणून पुढे केली तरी भाव ठरवण्याआधी मुद्रणाचे पान उघडून साल वाचावे.