पलीकडे जायचंय

(दृश्य : सातारा बसस्थानकाबाहेरचा रस्ता, सकाळ)

कोरेगावची गाडी लागली, पाठोपाठ मेढ्याची. दप्तरं, डबे, दवाखान्याच्या फायली घेऊन गर्दी फाटकाबाहेर येते आणि रस्त्याच्या कडेला अडते. रस्ता ओलांडायचे झेब्रा पट्टे पुसट झालेत. या मावशी बघा : पिशवी काखेत, एक पाय रस्त्यावर, हात वर. इथला सिग्नल म्हणजे हा हात.

गाड्यांची सोय साताऱ्यात झालीच आहे. पोवई नाक्याखालचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे गाड्यांसाठी जमिनीखालून काढलेला रस्ता, 2021 मध्ये सुरू झाला. पायी चालणाऱ्याचा नंबर अजून यायचाय.

(दृश्य : टेप, खडू, वाळूची पोती)

वर्दळ सुरू व्हायच्या आत ही कॉलेजची पोरं टेप घेऊन उतरलीत. सिग्नलची वेळ ठरवताना माणसाची चाल साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 14 मीटरचा रस्ता असेल तर झाले 12 सेकंद. पण गुडघे धरलेलं माणूस 0.8 च्या पुढे जात नाही. त्याला साडेसतरा लागतात. सिग्नल सुटतो तेव्हा ते अजून रस्त्यातच असतं.

म्हणून दुभाजकात ही चौकट आखलीय. सामानासकट माणूस निवांत उभा राहील एवढी. आता एका दमात सातच मीटर, आणि एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या. कोपऱ्याची ऐसपैस गोलाई पोती लावून आवळलीय. दुचाकीवाला वळतोय... बघा, ब्रेक लागला. पाटी नाही, शिट्टी नाही. पट्टा फूटपाथच्या उंचीला उचलला तर गाडीला तोच गतिरोधक आणि व्हीलचेअरला सपाट वाट. आणि तो लोक जिथून ओलांडतात तिथेच हवा. लांबचा वळसा कुणी घेत नाही, भुयारी मार्गाचे जिने तर त्याहून नाही. त्याला बेशिस्त म्हणणारे बहुतेक गाडीत बसलेले असतात.

2022 मध्ये देशातल्या रस्त्यांवर 32,825 पादचारी दगावले.

(दृश्य : राजपथ, राजवाड्याकडून येणारा उतार)

आता वरचा रस्ता. उताराला गाडी आपसूक वेग धरते, त्यामुळे इथे नुसत्या रंगावर भागणार नाही. पट्टा उचलूनच घ्यावा लागेल. पावसाचं पाणी अडणार नाही अशी गटाराची वाट त्यात कशी ठेवायची, यावर पोरांचं अजून एकमत नाही.