सातबारा कोणाच्या नावावर?

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं अहिराणीत रॅप करू लागली आहेत, आणि यमकात भाषाच त्यांना हात देते. प्रमाण मराठीत 'काळा' आणि 'माया' जुळत नाहीत. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. काया-माया आपसूक जुळतं.

मिनिटाला ९० ठोके धरले, तर १६ बार (एक बार चार ठोक्यांचा) म्हणजे ६४ ठोके, जेमतेम ४३ सेकंद. श्वास कुठे घ्यायचा ते वहीतच खूण करून ठेवा. नाहीतर बाराव्या बारला दम लागतो आणि ओळीचा शेवटचा शब्द, म्हणजे नेमकं यमकच, गिळलं जातं.

रेकॉर्डिंग घरीही होतं. भिंतींना गोधड्या टांगा. माइक वीतभर लांब आणि तोंडासमोरून किंचित बाजूला ठेवा, म्हणजे 'प' आणि 'भ'ची हवा त्यावर आदळत नाही. रेकॉर्डिंगची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज पुन्हा नीट सांधत नाही. कूलर बंदच हवा. मे महिन्यात ही शिक्षाच, तेव्हा पहाटे बसा.

खरी गफलत बीटमध्ये, म्हणजे ज्या तयार संगीतावर रॅप करायचा त्यात होते. लीजवर घेतलेली बीट म्हणजे भाड्याने कसायला घेतलेलं शेत: पीक तुमचं, सातबारा दुसऱ्याचा. तीच बीट आणखी दहा जणांना विकलेली असते. त्यातल्या एकाने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत घातलं, की तुमच्या गाण्यावर दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे अडकतात. परवडत असेल तर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त तुमचेच हक्क घ्या, तेही लेखी.

न्यूयॉर्कचा रॅपर जे-झी याला मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी दारात उभं केलं नाही. मग त्याने दोघा साथीदारांसह रॉक-अ-फेला हे स्वतःचं लेबल काढलं आणि १९९६ मध्ये पहिला अल्बम आणला. पुढे डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचं अध्यक्षपद घेताना त्याने आपल्या मूळ रेकॉर्डिंगचे हक्क परत मिळवण्याची बोली केली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे. तो वसूल करायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या.

गाणं अपलोड करण्याआधी एका कागदावर लिहिणारा, बीटवाला, गाणारा यांची टक्केवारी आणि सह्या घ्या. मागून मागितलेली सही मिळायला फार महाग पडते. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं करा. त्यावर कार्यक्रमाच्या सुपारीसाठी मोबाइल नंबर टाकायचा मोह आवरा. गाणं ॲप्सवर पोचवणारा वितरक ते परत पाठवतो आणि ठरलेली तारीख हुकते.