पहिल्या वेताची पाठ आणि तिचे तीन वाटेकरी

श्रोतेहो, नमस्कार. दुधाळ शेळ्यांविषयी बोलताना आपण बहुधा मोठ्या, दोन-तीन वेते झालेल्या शेळीचाच हिशेब मांडतो. आज मला पहिल्यांदा गाभण राहिलेल्या पाठीविषयी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळीविषयी बोलायचे आहे, कारण तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते, पोटात करडे असतात आणि थोड्याच दिवसांत तिने दूधही द्यावे अशी आपली अपेक्षा असते.

खाल्लेल्या चाऱ्याचे पोषण अंगात सर्वांना सारखे मिळत नाही. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉन हॅमंड यांनी १९४४ साली मांडले होते की, ज्या अवयवांचा चयापचय वेगवान, त्यांचा हात रक्तातील पोषणापर्यंत आधी पोहोचतो. म्हणून मेंदू आणि गर्भ पुढे राहतात, हाडे व स्नायू मागे पडतात आणि चरबी सर्वांत शेवटी येते. टंचाई झाली की पाठीची वाढ खुंटते ती यामुळेच.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पहिले तीन महिने गर्भ फारसे मागत नाही, पण करडाचे बहुतेक वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यांत भरते, आणि नेमके तेव्हाच फुगलेले गर्भाशय कोठीपोटाला, म्हणजे चारा साठवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्याला, दाबू लागल्याने चारा कमी जातो. दोन-तीन करडे असली की शरीर आपली चरबी इतक्या वेगाने वितळवते की शेळी खाणे सोडून कळपाबाहेर उभी राहते व तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. अशा वेळी पशुवैद्याला लगेच बोलवावे.

व्याल्यानंतर कास सर्वांवर मात करते. दुधातील साखर रक्तातील ग्लुकोजपासून बनते, आणि स्नायूंना ते घेण्यासाठी जसे इन्सुलिन लागते तसे कासेला लागत नाही. शिवाय या दिवसांत इन्सुलिनही कमी असते. दूध साधारण चार ते आठ आठवड्यांत शिगेला पोहोचते, भूक मात्र त्याच्या मागून वाढते. मधल्या काळात कमरेवरून हात फिरवला तर मणके बोटांना टोचतात. मोठ्या शेळीची साठवलेली चरबी यात खर्च होते. पाठीजवळ तेवढी शिल्लक नसते, म्हणून तिच्या वाढीचाच घास जातो.

माझ्या मते खरी चूक फार आधी होते. पाठ पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते आणि आपण ती फळवण्याजोगी झाली असे समजतो. वय न पाहता वजन पाहावे: जातीच्या पूर्ण वाढलेल्या शेळीचे वजन ५० किलो असेल, तर पाठ ३० ते ३५ किलोंची झाल्यावरच बोकड दाखवावा. दुधात असताना पुन्हा गाभण राहिली, तर विण्यापूर्वी सुमारे दोन महिने तिला आटवावे, म्हणजे कासेतील दूध बनवणाऱ्या पेशी नव्याने तयार होतात. आणि पहिलारू पाठींचा खुराक वेगळा घालावा, कारण गव्हाणीवर मोठ्या शेळ्या त्यांना शिंगांनी मागे रेटतात.