आधी ऊब, मग दाणा

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातली गोष्ट. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली होती, एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. चार दिवसांनी कोंबडी त्यांना घेऊन उकिरड्यावर गेली आणि कावळ्यानं एक उचललं. ती अशी चवताळून धावली की कावळ्यानं पिल्लू तिथंच टाकलं. मी हातात घेतलं तेव्हा पाठीची कातडी रुपयाएवढी सोललेली, एक पाय लोंबत होता, अंग गार, डोळे मिटलेले. वजन म्हणाल तर धड पन्नास ग्रॅमही नसेल.

अशा वेळी आपला हात आधी कुठं जातो? दुधाच्या वाटीकडं. पोटात काहीतरी जावं म्हणून आपण चमच्यानं चोचीत ओततो. तेच करू नका, हे सांगायला मी आज उभी आहे. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं. ओतलेलं पाणी सरळ तिथं उतरतं. शिवाय दूध पक्ष्याला पचत नाही. पूर्वी एक पिल्लू मी स्वतः असंच घालवलंय. चोचीतून बुडबुडे आले आणि मान टाकली. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

म्हणून आधी ऊब. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, जवळजवळ एक्केचाळीस अंश. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, ती ऊब धरून ठेवत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती 33 ते 35 अंश उष्णता लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी केली तरी चालते. गारठलेल्या पिल्लाला दाणा पचतच नाही. मी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, खाली गोणपाट अंथरलं आणि एका कोपऱ्यावर साठचा बल्ब टांगला. एकाच कोपऱ्यावर बरं का, म्हणजे उकडलं तर त्याला सरकायला जागा राहते. वर्तमानपत्र अंथरू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. पिल्लू बल्बखाली अंग चोरून चिवचिवत बसलं तर बल्ब खाली घ्या. चोच उघडी टाकून धापा टाकत लांब पडलं तर वर घ्या. लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. त्या रात्री मला तीनदा पाणी बदलावं लागलं.

तासाभरात त्यानं डोळे उघडले. तेव्हा कोमट पाण्यात चिमूटभर साखर विरघळवली आणि चोचीचं टोक फक्त बुडवलं. त्यानं मान वर करून स्वतः गिळलं. मग उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दिला, दुसऱ्या दिवशी तांदळाची बारीक कणी.

जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुतली आणि पोव्हिडोन आयोडीन पातळ करून लावलं. पावसाळ्यात माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. पायाचं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दाखवलं. शीतपेयाच्या नळीचा तुकडा उभा चिरायचा, आत कापूस, पायाला बसवायचा आणि वरून कागदी चिकटपट्टी. घट्ट नाही, बोटं निळी पडता कामा नयेत. पिल्लू रोज वाढतं, म्हणून चार दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधायची. पंधराव्या दिवशी नळी काढली तेव्हा ते त्या पायावर उभं राहिलं.

आणखी एक, दुखतंय म्हणून घरातली वेदनाशामक गोळी चुरून देऊ नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांना द्यायला आपल्याकडं 2006 पासून बंदी आहे. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि गिधाडं संपत आली. कोंबडीलाही ते बाधतं. औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

मान वाकडी झालेलं पिल्लू दिसलं तर मात्र ती मार लागल्याची खूण समजून घरात ठेवू नका. ती मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत हा संसर्गजन्य रोग, असू शकते. ते लगेच वेगळं करा, हात साबणानं धुवा आणि दवाखान्यात कळवा. बाकीच्या पिल्लांना सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, थेंब डोळ्यात घातला होता का, तेही आठवून बघा.

जखम लाल असेपर्यंत भावंडांत सोडायचं नाही. लाल दिसलं की बाकीची टोचून टोचून मारतात. पण एकटं ठेवलं तर दिवसभर ओरडतं. मी मध्ये जाळी घालून दुसरं एक पिल्लू शेजारी ठेवलं, तसं ते गप्प झालं आणि त्याचं बघून दाणे टिपायला लागलं.

खपली धरून पडली, नवी कातडी आली. मग एका रात्री अंधारात डालगं हळूच उचललं आणि त्याला कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. दिवसा सोडलं असतं तर परकं म्हणून तिनं टोचलं असतं. पहाटे चारपासून मी डालग्याशी बसून होते. उजाडलं, कोंबडी उठली, नऊही पिल्लं तिच्या मागं निघाली. आपलं कोणतं ते पाठीवरच्या उघड्या ठिपक्यामुळं तेवढं ओळखू येत होतं.